श्वान रस्त्यावर येऊन का थांबले?
वाचकांचे प्रश्न : पोलिसांची विशेष पथके

मागील अंकात पोलिसांच्या विशेष पथकांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि उचगाव परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. बहुतेक पत्रांमागे एकच समज दिसतो : श्वानपथक, ठसेतज्ज्ञ किंवा सायबर पोलीस आले की खरा तपास सुरू होतो. बेळगावच्या फौजदारी न्यायालयांत अनेक वर्षे वकिली केल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. पथक पोहोचण्यापूर्वी घरच्यांनी काय केले आणि स्थानकातील पहिल्या कागदावर काय उतरले, यावरच पथकाचा हात कुठवर पोहोचणार हे बऱ्याच अंशी ठरते. त्यामुळे पुढील उत्तरांत पथकांइतकेच त्या पहिल्या काही तासांविषयीही लिहिले आहे.

प्रश्न : लग्नकार्यासाठी आम्ही दोन दिवस चंदगडला गेलो होतो. परत आलो तेव्हा दाराचा कोयंडा तुटलेला आणि तिजोरी उघडी होती. पोलिसांनी श्वानपथक आणले. कुत्रे परसातून निघून मुख्य रस्त्यापर्यंत गेले आणि तेथेच घुटमळले. ठसेतज्ज्ञांनाही फारसे काही मिळाले नाही. मग या पथकांचा उपयोग काय? (एक शेतकरी, खानापूर तालुका)

उत्तर : कुत्रे रस्त्यावर थांबले म्हणजे ते अपयशी ठरले असे समजू नका. माग काढणारे श्वान माणसाच्या शरीराचा जमिनीवर आणि हवेत राहिलेला वास धरून चालते. चोर वाहनात बसला की जमिनीवरचा तो धागा तुटतो. घरातून परसात, परसातून बांधावर आणि बांधावरून रस्त्यावर असा माग निघाला असेल, तर तपास अधिकाऱ्याला तीन गोष्टी कळतात : चोर मागच्या बाजूने बाहेर पडले, त्यांना ती वाट ठाऊक होती आणि रस्त्यावर त्यांचे वाहन उभे होते. त्यानंतर रस्त्यालगतच्या दुकानांतील, पेट्रोल पंपावरील आणि नाक्यावरील कॅमेऱ्यांचे चित्रण कोणत्या वेळेचे पाहायचे हे ठरवता येते. श्वानाचे काम दिशा दाखवण्याचे आहे. न्यायालयही त्याला त्याहून अधिक वजन देत नाही. १९६९ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने श्वानाच्या मागावर आधारलेल्या पुराव्याच्या मर्यादा स्पष्ट केल्या होत्या. कुत्र्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेता येत नाही, ही त्यांतील उघड अडचण होती. त्यामुळे श्वान एखाद्याच्या दारात जाऊन बसले एवढ्याच आधारावर गावाने त्या माणसाला चोर ठरवू नये. असे घडल्यामुळे निष्पाप कुटुंबांना वर्षानुवर्षे मान खाली घालून राहावे लागलेले मी पाहिले आहे.

एका वाचकाने याच संदर्भात मुधोळ जातीच्या कुत्र्यांविषयी विचारले आहे. घोरपड्यांच्या जुन्या मुधोळ संस्थानात जोपासलेली ही जात नजरेने शिकार हेरून वेगाने पाठलाग करणारी आहे. वासावरून माग काढणे हे निराळे कसब असून त्यासाठी पोलीस दलांत प्रामुख्याने डॉबरमन, लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड या जाती वापरल्या जातात.

आता ठशांविषयी. आपल्या पत्रात एक वाक्य ओझरते आले आहे : ‘पोलीस येईपर्यंत बायकांनी घर आवरून घेतले.’ आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या वाक्यातच आहे. पाहुणे येणार, शेजारीपाजारी डोकावणार, म्हणून विस्कटलेले कपडे घडी घालून ठेवणे, लादी पुसणे आणि तिजोरीचे दार लावून घेणे हे स्वाभाविक आहे, पण त्यात ठसे पुसले जातात. बेळगावच्या एका अशिलाच्या घरी ठसेतज्ज्ञ काम करत असताना मी उपस्थित होतो. त्यांनी आधी तिजोरी पाहिली, मग स्वयंपाकघरात गेले, कारण दागिने डाळी-तांदळाच्या डब्यांत ठेवण्याची आपली सवय चोरांना पाठ असते. फडताळातील स्टीलच्या एका डब्यावर त्यांनी मऊ कुंचल्याने बारीक पूड फिरवली. आधी काहीच दिसले नाही. मग बॅटरीचा उजेड तिरपा पडताच झाकणाच्या कडेवर अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या दिसल्या. त्यांनी त्या पारदर्शक चिकटपट्टीवर उचलून कार्डावर घेतल्या. त्या घरातील आजींना कोणीतरी डब्यांना हात लावू नका असे वेळीच सांगितले होते, आणि त्या पहाटेपासून चहाविना बसून राहिल्या होत्या. तो ठसा त्यांच्यामुळे मिळाला असे मी आजही मानतो.

ठसे उचलल्यावर घरातील सर्वांच्या बोटांचे ठसे घेतले जातात. त्यात अपमान मानू नये. घरच्यांचे ठसे वजा केल्यावर जो परका ठसा उरतो तो संगणकावरील नोंदींशी ताडून पाहता येतो आणि २०२२ पासून देशभरातील नोंदी एका राष्ट्रीय प्रणालीत शोधता येतात. आपल्या भागासाठी हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण खानापुरात घर फोडणारा माणूस पूर्वी कोल्हापुरात किंवा गोव्यात पकडला गेलेला असू शकतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत अशी तरतूद आहे. ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे. राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत आणि चोरीच्या इराद्याने केलेल्या रात्रीच्या घरफोडीला त्याहूनही अधिक शिक्षा असल्यामुळे आपला गुन्हा या तरतुदीत बसतो. पंचनाम्यात तज्ज्ञ आले होते का, त्यांनी काय उचलले आणि चित्रीकरण झाले का, हे पाहून घ्या. दागिन्यांच्या सराफाच्या पावत्या सापडत नसतील तर लग्नातील छायाचित्रे द्या, कारण माल सापडल्यावर तो आपलाच आहे हे त्यावरूनच दाखवावे लागते. मुद्देमाल न्यायालयापुढे आला की त्याची यादी व छायाचित्रे चौदा दिवसांत तयार करण्याची आणि त्यानंतर तीस दिवसांत तो कोणाकडे द्यायचा हे ठरवण्याची तरतूद याच संहितेच्या कलम ४९७ मध्ये आहे. म्हणून दागिने सापडल्याचे कळताच अर्ज करा. खटला संपण्याची वाट पाहू नका.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. गणवेशातील एका माणसाने व्हिडिओ कॉलवर माझ्या आधार क्रमांकाचे पार्सल पकडले गेल्याचे सांगून दोन दिवस मला फोन बंद करू दिला नाही. ‘तपासणीसाठी’ म्हणून मी दोन वेळा मोठी रक्कम पाठवली. मुलगा आल्यावर आम्ही जवळच्या स्थानकात गेलो, तेथे सीईएनकडे जाण्यास सांगितले. माझे खाते गडहिंग्लजच्या शाखेत आहे. फिर्याद कोणत्या राज्यात द्यायची? आणि पैसे मिळतील का? (निपाणी)

उत्तर : गुरुजी, आपण पत्रात तीन वेळा ‘माझी मूर्खता’ असे लिहिले आहे. तो शब्द काढून टाका. भीती दाखवण्याचा धंदा करणाऱ्या टोळीने आपल्याला एकटे पाडून लुटले आहे, आणि लाजेपोटी गप्प राहिलेली माणसे या टोळ्यांना सर्वांत सोयीची असतात.

‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, जबाब होत नाही आणि पैशांची ‘तपासणी’ही होत नाही. चौकशीला हजर राहण्याची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर बजावता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. साठ वर्षांवरील व्यक्तीला साक्षीदार म्हणून जबाबासाठी स्थानकात बोलावता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी यावे असे त्याच संहितेचे कलम १७९ सांगते. आपल्यासारख्या ज्येष्ठाला ‘कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ म्हणणारा पोलीस असू शकत नाही, हे आपल्या ओळखीच्या प्रत्येक निवृत्त सहकाऱ्याला सांगा.

सीईएन म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीचे पोलीस स्थानक. बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाचे सीईएन वेगळे आणि जिल्हा पोलीसप्रमुखांच्या अखत्यारीतील सीईएन वेगळे आहे. निपाणीचा भाग जिल्हा पोलिसांकडे येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावा असे त्या कायद्याचे कलम ७८ सांगते. शिवाय बँका, मोबाइल कंपन्या आणि परराज्यांतील पोलीस यांच्याशी रोजचा संपर्क ठेवणारे कर्मचारी तेथे असतात. म्हणून आपल्याला तिकडे पाठवण्यामागे कारण होते. मात्र काहीही न नोंदवता पाठवणे योग्य नव्हते. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही स्थानकात देता येते आणि ती तेथे नोंदवून नंतर योग्य स्थानकाकडे वर्ग केली जाते. ‘झिरो एफआयआर’ म्हणतात ती हीच. नोंद नाकारली गेली तर जिल्हा पोलीसप्रमुखांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते आणि तेथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

राज्याच्या प्रश्नात अडकू नका. फोनवरून किंवा इंटरनेटवरून झालेल्या फसवणुकीचा खटला संदेश जेथून पाठवला गेला त्या ठिकाणी किंवा जेथे मिळाला त्या ठिकाणी चालू शकतो. आपल्याला कॉल निपाणीत आला, त्यामुळे फिर्याद येथेच देता येते. खाते गडहिंग्लजला असल्यामुळे बँकेला लेखी कळवण्याचे काम मात्र त्या शाखेत करावे लागेल.

खरा प्रश्न वेळेचा होता आणि हे मी इतर वाचकांसाठी स्पष्ट लिहितो. चोरट्यांच्या पहिल्या खात्यात रक्कम फार वेळ थांबत नाही. तेथून ती तुकड्यातुकड्यांनी दुसऱ्या, तिसऱ्या खात्यांत जाते आणि शेवटी कोठेतरी एटीएममधून बाहेर पडते. १९३० या क्रमांकावर फोन केला की तक्रार संबंधित बँकांकडे जाते आणि साखळीतील ज्या खात्यात पैसे अजून शिल्लक असतील तेथे ते रोखले जातात. म्हणून स्थानकात जाण्याआधी, मुलगा पुण्याहून येण्याचीही वाट न पाहता, हा फोन करावा. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा तपशील हाताशी ठेवावा, मिळालेला पोच क्रमांक लिहून घ्यावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करावी. आपण तेव्हा फोन केला नसेल तर आजही करा. उशीर झाला म्हणून तो व्यर्थ ठरतोच असे नाही.

रोखलेली रक्कम परत मिळवण्यासाठी सहसा न्यायालयात अर्ज करून आदेश घ्यावा लागतो. त्यात तपास अधिकाऱ्याचा अहवाल महत्त्वाचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख आपल्या मुलाने केला आहे. तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य मानण्याची त्यातील तरतूद ग्राहकाच्या संमतीविना, त्रयस्थाने केलेल्या व्यवहारांसाठी आहे. आपण स्वतः पैसे पाठवले असल्यामुळे तिचा तसाच आधार मिळेल अशी आशा मी दाखवू इच्छित नाही. आणखी एक विनंती : फोन ‘साफ’ करू नका. कॉलची नोंद, संदेश आणि पडद्याची छायाचित्रे त्याच फोनमध्ये राहू द्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ साधन शाबूत असेल तर ते काम सोपे होते.

प्रश्न : स्थानकात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली गेली. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. सही केली. नंतर कळले की चोरीला गेलेल्या वस्तूंपैकी दोन वस्तू त्यात नाहीतच. मराठीत फिर्याद देता येत नाही का? (एक गृहिणी, उचगाव)

उत्तर : देता येते. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणे दूर करून घेण्यासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात आहे हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. आपण मराठीत हाताने लिहिलेला अर्ज देऊ शकता, त्याची दुसरी प्रत करून तिच्यावर पोच घेऊ शकता, आणि तो अर्ज प्रथम माहिती अहवालाला जोडावा अशी विनंती करू शकता. अहवाल स्वतः कन्नडमध्ये असेल, कारण स्थानकाचे कामकाज त्या भाषेत चालते. त्यावर वाद घालत बसल्याने चोरीचा तपास पुढे जात नाही.

तोंडी माहिती दिली असेल तर ती लिहून घेऊन माहिती देणाऱ्याला वाचून दाखवली पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते आणि त्यानंतरच सही घ्यायची असते. वाचून दाखवणे म्हणजे समजेल असे वाचून दाखवणे, असा माझा या कलमाचा अर्थ आहे. आपल्याकडील स्थानकांत मराठी जाणणारा एखादा हवालदार बहुतेक वेळा असतोच. ‘साहेब, सही करते, पण एकदा मराठीतून सांगा’ असे नम्रपणे म्हटल्यावर नकार मिळाल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. अडचण वेगळीच असते. आपण घाबरलेलो असतो, बाहेर रिक्षा थांबलेली असते आणि टेबलावरच्या कागदाला प्रश्न विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते.

वकिलीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या नात्यातील एका वृद्धेबरोबर मी एका स्थानकात बसलो होतो. त्यांनी ‘पाटल्या’ म्हटले आणि कागदावर ‘बांगड्या’ उतरले. मी तेव्हा ते चालवून घेतले, फरक किरकोळ वाटला. वर्षभराने पाटल्या सापडल्या आणि आरोपीच्या वकिलांनी नेमके तेवढेच धरून ठेवले : फिर्यादीत पाटल्या कोठे आहेत? त्या दिवसापासून मी प्रत्येक वस्तूचे नाव, वजन आणि खूण मराठीत लिहून तो कागद सोबत नेण्याचा आग्रह धरतो.

आपल्या बाबतीत आता करण्यासारखे असे आहे : राहिलेल्या दोन वस्तूंची माहिती देणारा पुरवणी अर्ज मराठीत लिहून तपास अधिकाऱ्यांकडे द्या, त्यात गुन्हा क्रमांक घाला आणि पोच घ्या. उशिराचे कारण एका ओळीत सांगा, कन्नड वाचता येत नसल्यामुळे नोंद राहिली हे खरे कारण पुरेसे आहे. उचगाव हे बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयातील काकती स्थानकाच्या हद्दीत येते, म्हणून वरिष्ठांकडे जावे लागल्यास पत्र पोलीस आयुक्तांना लिहा, जिल्हा पोलीसप्रमुखांना नव्हे. अहवालाची प्रत विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याची जबाबदारीही पोलिसांवर आहे.

प्रश्न : महाराष्ट्रातील बातम्यांत ‘एलसीबीने छडा लावला’ असे ऐकतो. आपल्याकडे एलसीबी का नाही? (बेळगाव)

उत्तर : काम आहे, नाव वेगळे आहे. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्हा पोलीस दलात स्थानिक गुन्हे शाखा असते, तिला लोक एलसीबी म्हणतात. बेळगाव शहराचे पोलीस आयुक्तालय २०१४ मध्ये झाले आणि शहरात ‘सीसीबी’ म्हणून ओळखली जाणारी गुन्हे शाखा गंभीर व संघटित गुन्ह्यांकडे पाहते. जिल्ह्यात मोठ्या गुन्ह्यासाठी पोलीसप्रमुख निरनिराळ्या स्थानकांतील अधिकारी एकत्र करून विशेष पथक नेमतात. कोणत्या पथकाकडे जावे हा निर्णय फिर्यादीने करायचा नसतो. आपले स्थानक हाच दरवाजा.

प्रश्न : माझा भाचा गोव्याहून चोर्ला घाटमार्गे दुचाकीवरून येत असताना पोलिसांनी त्याला थांबवून पिशवी तपासली आणि गांजा सापडल्याचे सांगून अटक केली. न्यायदंडाधिकारी हजर नव्हते, त्यामुळे प्रकरण टिकणारच नाही असे एकाने सांगितले. हे खरे का? (खानापूर तालुका)

उत्तर : या सल्ल्यावर विसंबून राहू नका. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे. त्याच्या कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेतली जावी हा हक्क अंगझडतीपुरता आहे. पिशवी किंवा वाहनाच्या झडतीला ते कलम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले आहे. अंगझडतीही घेतली असेल तर त्या हक्काची जाणीव भाच्याला करून दिली होती का, हा प्रश्न जरूर विचारावा.

पाहण्यासारखी गोष्ट वजनाची आहे. गांज्याच्या बाबतीत एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प आणि वीस किलोहून अधिक हे व्यापारी प्रमाण मानले जाते. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत कैद, आणि व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे अशी चढती शिक्षा आहे. व्यापारी प्रमाणात जामिनाच्या अटीही फार कडक होतात. म्हणून पंचनाम्यात वजन कसे केले, पिशवीसह की पिशवीविना, सील केव्हा लावले आणि नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केव्हा काढले, हे वकिलांना बारकाईने पाहू द्या. झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे आवश्यक आहे. चोर्ल्याच्या रस्त्यावर पावसात, अंधारात पंचनामा झाला असेल तर त्या चित्रीकरणातून बरेच कळते, पोलिसांच्या बाजूनेही आणि भाच्याच्या बाजूनेही.

अटकेची कारणे लेखी स्वरूपात आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. आपल्या भागातील मराठी कुटुंबांनी हा निर्णय लक्षात ठेवावा. भाच्याला कोणता कागद मिळाला आणि तो कोणत्या भाषेत होता, हे पहिल्याच भेटीत विचारा.

पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे की भाचा वर्षभरापासून गांजा ओढत होता आणि घरात सर्वांना ठाऊक होते. त्याच्यावरचा आरोप स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल आणि तो स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेण्यास तयार असेल, तर अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये त्याला संरक्षण मिळण्याची वाट आहे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्याला जवळ आहे. मामा म्हणून त्याच्याबरोबर तेथे जा. जामीन मिळाल्यावर ‘आता विषय संपला’ असे घरात कोणी म्हणू लागले तर ऐकू नका.

प्रश्न : मुलीला इचलकरंजीला दिली. मारहाणीला कंटाळून ती माहेरी आली आहे. येथील महिला पोलीस स्थानक म्हणते, गुन्हा तिकडे घडला, तिकडेच जा. (बेळगाव)

उत्तर : तिला परत तिकडे पाठवण्याची गरज नाही. सासरच्या छळामुळे घर सोडावे लागलेली स्त्री जेथे आश्रय घेते तेथेही तिची तक्रार नोंदवता येते आणि खटला चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ठरवले आहे. माहेरी आल्यावरही त्या छळाचा मानसिक परिणाम चालूच असतो, हे न्यायालयाने मान्य केले. हे शब्द मुलीच्या अर्जात आले पाहिजेत : ती केव्हापासून माहेरी आहे, झोप लागते का, उपचार चालू आहेत का. आता हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये येतो.

महिला स्थानक हे विशेष स्थानक असले तरी तक्रार घेण्याचा मक्ता केवळ त्याच्याकडे नाही, आपल्या भागातील नेहमीचे स्थानकही ती घेऊ शकते. याशिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पोटगी, संरक्षण आणि मुलांचा ताबा यांसाठी मुलगी तात्पुरती राहत असलेल्या ठिकाणीच अर्ज करता येतो. कर्नाटकात बालविकास प्रकल्प अधिकारी हेच संरक्षण अधिकारी म्हणून काम पाहतात, आणि महिला साहाय्यवाणी १८१ वर पहिली माहिती मिळते. समुपदेशनाला बोलावल्यास जावे, परंतु ‘एकदा पुन्हा नांदून बघ’ एवढ्यावर तक्रार मागे घेऊ नये. अंगावरील व्रण आज आहेत, पंधरवड्यानंतर नसतील. आजच सरकारी रुग्णालयात दाखवून केसपेपर घ्या.

प्रश्न : यात्रेत मोबाइल हरवला. स्थानकात अर्ज दिला. चोर तो कोल्हापूरला घेऊन गेला असेल तर येथील पोलीस काय करणार? (निपाणी)

उत्तर : फोन कोठेही गेला तरी त्याचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक बदलत नाही. तो खोक्यावर किंवा खरेदीच्या पावतीवर सापडेल. अर्जाची पोच, ओळखपत्र आणि त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड घेऊन सीईआयआर या केंद्रीय प्रणालीवर फोन बंद करण्याची विनंती नोंदवा. त्यानंतर देशातील कोणत्याही मोबाइल कंपनीच्या जाळ्यात कोणी त्या फोनमध्ये सिम घातले की त्याची माहिती पोलिसांकडे येते. फोन परत मिळाल्यावर बंदी उठवण्याची विनंती त्याच प्रणालीवर आपल्यालाच करावी लागते, त्यासाठी पहिल्या दिवशी मिळालेला विनंती क्रमांक जपून ठेवा. पैशांचे व्यवहार त्या फोनवरून होत असतील तर सिम आणि बँकेची सेवा आधी बंद करा, अर्ज त्यानंतर लिहिला तरी चालेल.